पंचांग, खाडी आणि सागरी महामार्ग

श्रावणी पौर्णिमा ही तिथी एकच. परंतु गोदाकाठी ती यज्ञोपवीताची आणि राखीची, तर कोकणकिनारी नारळाची. पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्यांना हळदकुंकू लागते, समुद्राला श्रीफळ अर्पण होते आणि दर्याची वाट मोकळी झाली असे मानले जाते. हा दिवस आला की आमच्या नाशिकच्या घराघरांतही कोकणच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत एस.टी.च्या वेळापत्रकावर बेतलेले असत. आता स्वतःची मोटार असते, आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून नाशिककराला समुद्र अधिकच जवळ वाटू लागला आहे. अलिबागपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, ही इच्छा आता केवळ तरुणांची राहिलेली नाही.

या इच्छेला शासकीय योजनेचेही बळ मिळाले आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे १९८० ते १९८२ मधली. पुढे रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला. अडला तो खाड्यांपाशी. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांनी त्याची सलगता चार दशके होऊ दिली नाही. अलीकडच्या वर्षांत राज्य रस्ते विकास महामंडळाने या मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. हे पूल पूर्ण झाले की किनाऱ्याचा प्रवास कसा होईल, आणि कसा व्हावा, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम हे स्पष्ट म्हटले पाहिजे की पूल हवेतच. दाभोळच्या मनुष्याला समोर दिसणाऱ्या धोपाव्यास रस्त्याने जायचे तर खेड-चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. २००३ साली तेथे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि हा वळसा पुष्कळांचा टळला. परंतु अपरात्री प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला बोटीची वाट पाहायला लावणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. शिवाय आतला राष्ट्रीय महामार्ग हा काही विसंबण्याजोगा आधार ठरला नव्हता. त्याचे चौपदरीकरण २०११ नंतर दशकाहून अधिक काळ रेंगाळले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. ज्या प्रदेशाने हे भोगले, त्याला दुसरा समर्थ मार्ग मिळण्यास कोण हरकत घेईल?

आमचे म्हणणे पाहुण्याविषयी आहे. संस्कृतात ‘वेला’ हा एक विलक्षण शब्द आहे. त्याचा एक अर्थ काळ, दुसरा समुद्राचा किनारा, आणि तिसरा भरतीच्या पाण्याची मर्यादा. आपल्या मराठीतली ‘वेळ’ तीच. ज्या पूर्वजांनी घड्याळ आणि किनारा यांना एकच नाव दिले, त्यांना किनाऱ्यावर काळ कसा मोजावा हे ठाऊक होते. आजचा प्रवासी मात्र अंतर किलोमीटरांत मोजतो आणि मुक्काम तासांत बांधतो. सागरतीरी या हिशेबात एक मोठी उणीव राहते, कारण तेथे दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते.

हे गणित प्रत्येकाच्या घरच्या पंचांगात आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्यापुढे सहा तासांच्या थोड्या वर पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही तिथी पुन्हा एकपासूनच मोजावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार सौम्य. हा ठोकताळा आहे. खाडीच्या आत वेळ मागेपुढे होते, म्हणून स्थानिक कोळी बांधवांना विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

आता या गणितावर आपण एक प्रवास बेतून पाहू. नारळी पौर्णिमेला दर्या खुला झाला तरी पाऊस सरलेला नसतो. म्हणून कोजागिरीनंतरचा वद्य पक्ष घ्यावा. तृतीयेस नाशिकहून निघून अलिबागेस मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी संकष्टी चतुर्थी. सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी, तेव्हा कुलाबा किल्ल्यात वाळूवरून चालत जाता येते आणि आतल्या सिद्धिविनायकाचे दर्शन होते. तेथे रेंगाळू नये. पाणी परतू लागण्यापूर्वी किनारा गाठावा. मग रेवदंडा, मुरूड करीत आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीस उतरून दिवेआगरला राहावे. पंचमीस ओहोटी दहाच्या आत, म्हणजे हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सकाळीच करावी. ती वाट पायऱ्या उतरून थेट समुद्रातल्या खडकांवरून जाते आणि भरतीत लाटांखाली जाते. नंतर बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने रत्नागिरी जिल्ह्यात शिरून आंजर्ले-हर्णै परिसरात थांबावे.

षष्ठीस दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर पाहत दुपारी हेदवीस पोहोचावे. त्या दिवशी भरती साडेचारची. तेथल्या बामणघळीत भरतीचे पाणी कसे उसळते ते सुरक्षित अंतरावरून पाहण्याचा तो योग. सप्तमीस तवसाळ-जयगड फेरी आणि गणपतीपुळे. अष्टमीस रत्नागिरीवरून विजयदुर्ग. नवमीस कुणकेश्वर आणि मालवण. भांग चालू असल्याने सिंधुदुर्गास होडीने जाण्यास हे दिवस बरे. दशमीस वेंगुर्ले आणि रेडी, जेथे १९७६ साली खाणीत गणेशमूर्ती सापडली. आणि एकादशीस आंबोली घाटाने परतीची वाट. तिथीचा क्षय अथवा वृद्धी असेल तर एक दिवस इकडेतिकडे करावा.

वाचकांच्या लक्षात येईल की या नऊ दिवसांत चार फेरीबोटी आल्या, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवाशाला थांबावे लागले. त्या थांबण्यातच पाण्याकडे पाहण्याची, चहाच्या टपरीवर दोन शब्द बोलण्याची, भरती केव्हा हे विचारण्याची संधी होती. उद्या पूल झाले की हे थांबे जातील. अलिबाग ते मालवण दोन दिवसांत उरकणारे प्रवासी वाढतील, आणि भरतीची वेळ ठाऊक नसलेले लोक अधिक संख्येने पाण्यात उतरतील. ही भीती कल्पनेतली नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्याही पूर्वी, १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात दर्याला विश्रांती देण्याच्या प्रथेमागे अशा अनुभवांचे शहाणपण आहे. पूल खाडीवर बांधता येतो, समुद्रावर नाही.

दुसरी चिंता यजमान गावांची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ हाती लागायला वर्षे जातात. अशा गावांतून जाणारे रस्ते अरुंद आहेत ते वाड्या आणि घरे राखल्यामुळे. पाहुण्याच्या मोटारीला दहा मिनिटे वाचावीत म्हणून त्या वाड्या तोडल्या, तर तो पाहुणा पाहायला येणार तरी काय? गर्दी यजमानाचे काय करते हे नाशिककराने कोकणाकडून शिकायला नको. २७ ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थ पर्वणीत येथील चेंगराचेंगरीत ३९ भाविक प्राणास मुकले, हे आपण विसरलेलो नाही.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पुलांच्या कामाबरोबरच प्रत्येक पुलापाशी, प्रत्येक किनाऱ्यावर आणि प्रत्येक तीर्थस्थानी त्या दिवसाची तिथी व भरती-ओहोटीची वेळ ठळक मराठीत लिहिण्याची व्यवस्था शासनाने करावी, आणि गर्दीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक कायमचे नेमावेत. पुलाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे. दुसरी सूचना प्रवाशाला. पूल झाले तरी मुक्काम कमी करू नयेत. वाचलेला वेळ एखाद्या गावी अधिक राहण्यात घालवावा, म्हणजे त्या गावाच्या चुलीलाही त्याचा उपयोग होईल.

यंदा नारळी पौर्णिमेस नारळीभात झाल्यावर पंचांग उघडावे आणि घरातल्या मुलांकडूनच तिथीची पाऊणपट करून घ्यावी. ज्या मुलाला हे गणित आले, तो पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी आपोआप विचारील, ‘आज तिथी कोणती?’ त्या एका प्रश्नाने एखादा जीव वाचला, तरी समुद्राला अर्पण केलेला नारळ पावला असे आम्ही समजू.