चित्रांतला हात

गेल्या कार्तिकांत त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही रामटेकला आमच्या आक्कांकडे गेलों होतों. निमित्त दुहेरी होतें. गडावरची यात्रा पाहावयाची होती, आणि आक्कांची लेक पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली होती, तिचें बाळ पाहावयाचें होतें. यात्रा राहूनच गेली. आम्ही उंबरठा ओलांडला तेव्हां घरांत एका निराळ्याच प्रश्नाचा खल चालला होता. बाळ नऊ दिवसांचें झालें होतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नागपुराहून एक छायाचित्रकार बाई त्याचे फोटो काढावयास येणार होत्या.

ज्यांच्या घरांत अलीकडे पाळणा हललेला नाहीं, अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. नवजात बाळांचे फोटो काढणें हा आतां एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या ॲन गेडीस ह्या बाईंचें 'डाउन इन द गार्डन' हें पुस्तक १९९६ सालीं निघालें. त्यांत कुंड्यांतून व फुलांतून ठेवलेलीं बाळें होतीं. तसल्या चित्रांची हौस तेव्हांपासून वाढतच गेली, आणि आतां ती नागपूर-रामटेकपर्यंत येऊन पोंचली आहे. बाळाच्या जन्मानंतरच्या पांचव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंतचा काळ ह्या लोकांना हवा असतो. त्या दिवसांत झोंप गाढ असते, आणि आईच्या पोटांत जसें अंग मुडपून होतें, तसें बाळ अजूनहि सहज मुडपून राहतें. पुढें तें हातपाय ताणूं लागतें, आणि मग फोटोवाल्यांच्या मनासारखें कांहीं घडत नाहीं.

पंचाईत अशी कीं, हेच दिवस आपल्याकडे सर्वांत बंदोबस्ताचे. दहा दिवस सोयर, मध्यें सटवाईची पूजा, बाराव्या दिवशीं बारसें, आणि सव्वा महिना होईतों बाळंतिणीनें बाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. आक्कांच्या सासूबाई, म्हणजे बाळाच्या पणजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं एकच धरून ठेवलें होतें: "बारसें होऊं द्या, मग हवे तितके फोटो काढा. एवढ्याशा उघड्या जिवाला परक्याची नजर कशाला?" जावईबापू पुण्याहून आलेले. बारशानंतर म्हणजे वेळ टळली, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं मोबाइलवर एक चित्र आणून सर्वांना दाखविलें. बाळ पालथें आहे, कोपरें टेकलेलीं आहेत, आणि दोन्ही तळहातांवर हनुवटी ठेवून तें झोंपलें आहे. असा एक फोटो पाहिजेच, असा त्यांचा आग्रह होता.

आमचें मत कोणी विचारलें नाहीं, तरी तें येथें सांगून टाकतों. सोयराचा विटाळ मानावा कीं न मानावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु त्या दहा दिवसांत बाहेरच्या माणसांची ये-जा थांबते आणि बाळंतिणीला निवांत पडून राहतां येतें, ही कांहीं थोडी गोष्ट नव्हे. पुष्कळदां बाळाची नाळहि तोंवर पुरती गळलेली नसते. म्हणून पणजीबाईंना केवळ जुन्या वळणाच्या म्हणून हंसणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

तड शेवटीं बाळाच्या आईनेंच काढली. फोटो एक दिवस पुढें ढकलावे. अकरावा दिवस हा सोयर आणि बारसें ह्यांच्या मधला, त्या दिवशीं ते घ्यावे. बाळ घराबाहेर जाणार नाहीं, बाळंतिणीच्याच खोलींत काय तें व्हावें. आणि बाळाला धरावयाचें काम घरच्याच माणसानें करावें. तें घरचें माणूस कोण, हें पणजीबाईंनीं कोणास न विचारतां स्वतःच ठरवून टाकलें.

अकराव्या दिवशीं सकाळीं बाई आल्या. तिशीच्या आंतबाहेरचें वय, बरोबर कॅमेऱ्याची पिशवी आणि एक भली मोठी पेटी. आल्याबरोबर त्यांनीं हात कोपरापर्यंत धुतले, आणि दुसरें काम केलें तें खोलींतली शेगडी बाहेर काढावयास लावण्याचें. बंद खोलींत कोळशाचा विषारी वायु सांचतो, आणि त्याला वास नसल्यामुळें तो कोणास कळतहि नाहीं, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. पणजीबाई कुरकुरल्या, पण शेगडी गेली आणि विजेचा हीटर आला. इतक्या दिवसांत डॉक्टरांना जें साधलें नव्हतें तें एका फोटोवालीनें साधलें, असें आक्का आमच्या कानांत पुटपुटल्या.

पुढची खेप मात्र पणजीबाईंची. बाळाच्या गालावरची तीट मी मागाहून संगणकावर पुसून टाकीन, असें बाई सहज बोलून गेल्या. "पुसावयाची असेल तर फोटोच नको," असें उत्तर आलें. तीट राहिली.

मग पेटी उघडली. लोकरीच्या विणलेल्या टोप्या, मऊ सुती गुंडाळपट्ट्या, लांकडी काथवट, हातभर लांबीची एक बाज, कापसाचे ढग. ह्या सरंजामाला त्यांच्या धंद्यांत 'प्रॉप्स' म्हणतात. त्यांतलें बहुतेक सामान बाईंनीं स्वतः विणलेलें व शिवलेलें होतें; बाज त्यांच्या वडिलांनीं सुंभाऐवजीं सुती दोरीनें विणून दिली होती. बाजारांत हें सारें आयतें मिळत नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. मिळतें, पण आयत्या टोपीचा मणी सुटून बाळाच्या तोंडांत जाईल काय, बाजेला कूस राहिली आहे काय, रंग अंगाला लागेल काय, हें आपण केल्याशिवाय खात्रीनें सांगतां येत नाहीं, असें त्या म्हणाल्या. टोपलीच्या बुडाशीं त्या वाळूची पिशवी ठेवतात, म्हणजे ती कलंडत नाहीं. लोकर बाळाच्या अंगाला थेट लागूं देत नाहींत. आंत सुती अस्तर असतेंच. एका बाळाला वापरलेली वस्तु धुतल्याखेरीज दुसऱ्याला लागत नाहीं.

तीन-साडेतीन तासांत आठ-दहा फोटो निघाले. बाकीचा वेळ बाळ दूध पीत होतें, दुपटीं ओलीं करीत होतें, रडत होतें; आणि बाई वाट पाहत होत्या. घाई अशी त्यांनीं एकदांहि केली नाहीं. त्या धंद्याची खरी मजुरी ह्या वाट पाहण्याची असावी, असें आम्हांस वाटलें.

पेटींतलें सामान पाहून पणजीबाई म्हणाल्या, "हें सगळें छानच आहे, पण आमच्याकडे बाळ आधीं सुपांत घालतात." बुरडाकडून आणलेलें नवें सूप पुढें आलें. त्यांत त्यांच्या जुन्या नागपुरी लुगड्याचें दुपटें अंथरलें गेलें, आणि बाळाच्या डोक्यावर खणाची कुंची चढली. बाईंनीं दुपट्याला हात लावून पाहिला आणि त्या थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत. इतकें मऊ कापड आपण दुकानोदुकानीं शोधीत असतों, असें मग त्यांनीं सांगितलें. तें दुकानांत मिळावयाचें कसें? त्याला चाळीस वर्षें कोणी तरी नेसून धुवावें लागतें.

आक्कांना हें सारें इंग्रजी खूळ वाटत होतें. आम्हीं त्यांचाच जुना आल्बम काढला. त्यांत त्यांच्या डोहाळजेवणाचा फोटो आहे. पुठ्ठ्याची मोठी चंद्रकोर, तिच्यावर बेगड, आणि कोरीवर बसल्याचा आविर्भाव करणाऱ्या आक्का. मागें आरसा अशा बेतानें ठेवलेला कीं पाठीवरची फुलांची वाडीहि दिसावी. ती चंद्रकोर त्यांच्या नणंदेनें स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून कापली होती. पुढच्या पानावर लेकीचें बोरन्हाण: काळें झबलें, हलव्याचा मुकुट, हातांत हलव्याची बासरी, डोळ्यांत पाणी. तेव्हां 'प्रॉप्स' हा शब्द घरांत नवा असेल. वस्तु नवी नव्हे. मंद आंचेवर परात ठेवून, खसखशीवर थेंब थेंब पाक टाकीत, बोटांनीं ती सारखी फिरवीत राहावें, तेव्हां कोठें हलव्याला कांटा येतो. घाई तेथेंहि चालत नाहीं. मात्र ज्या बाईनें असा तासन्‌तास हलवा केला, बोटें भाजून घेतलीं आणि दागिने ओंवले, ती त्या आल्बमांत आम्हांस कोठें आढळली नाहीं.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत फोटो घ्यावयाचा तर कांचेवर प्रकाश कांहीं सेकंद पडूं द्यावा लागे, आणि तेवढा वेळ तान्हें मूल स्थिर कसें राहणार? म्हणून आई त्याला मांडीवर घट्ट धरून बसे, आणि फोटोवाला तिच्या डोक्यावरून एक पडदा टाकून देई. असे जुने फोटो आतां लोक मुद्दाम जमवितात. बाळाच्या मागें गादीसारखा कांहीं उंचवटा दिसतो; नीट पाहिलें म्हणजे त्या गादीला दोन हात फुटलेले आढळतात.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचेंच पाहा. चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते. गोध्र्यास त्यांनीं हा धंदा केला, आणि तेथेंच प्लेगांत त्यांची पहिली पत्नी व मूल गेलें. बडोद्यास, कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो अशी अफवा उठल्यामुळें त्यांचें चालेना, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. (त्या मानानें पणजीबाईंची नजरेची भीति सौम्यच म्हणावयाची!) पुढें १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्याच्यामागें सरस्वतीबाई फाळके होत्या. फिल्मला भोकें पाडणें, रसायनें मिसळणें, उन्हांत पांढरी चादर धरून प्रकाश परतविणें, आणि ह्या सर्वांवर कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक. पडद्यावर जो उजेड पडला त्यांतला कांहीं त्यांच्या हातांनीं वळविलेला होता. पण ते हात चौकटीबाहेरच राहिले.

असो. जावईबापूंच्या हट्टाकडे येऊं. बाईंनीं त्यांना आधीं जवळ बसवून समजाविलें कीं, तुम्ही दाखवितां तें चित्र एका क्षणाचें नव्हेच. एकदां कोणी तरी बाळाचें डोकें वरून धरतें, तेव्हां एक फोटो घेतात. मग खालून मनगटें धरतें, तेव्हां दुसरा. नंतर संगणकावर दोन्ही जुळवून धरणाऱ्याचे हात पुसून टाकतात. झोळींत टांगलेल्या बाळांचे फोटोहि असेच जोडून केलेले असतात. नवजात बाळाचें डोकें त्याच्या सबंध लांबीच्या जवळजवळ चवथाई असतें, आणि तें पेलण्याचें बळ मानेला येण्यास तीन-चार महिने लागतात. हें न कळतां कोणी मोबाइलवरचें चित्र पाहून घरच्या घरीं तसें करूं गेलें आणि हात काढून घेतला, तर डोकें पुढें कलंडून श्वास कोंडावयास वेळ लागणार नाहीं. जावईबापूंचा चेहरा उतरला. आदल्याच रात्रीं, बाई आल्या नाहींत तर आपणच प्रयत्न करून पाहूं, असें ते बायकोला म्हणाले होते! आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांनीं फोटोवाल्यास दर विचारण्याआधीं, बाळाला हात कोणाचा असणार आहे, हें विचारावें. आणि उत्तर मनासारखें न आल्यास बाळ सुपांतच ठेवावें.

बाळाला हळूच पालथें केलें. पणजीबाईंनीं आपला तळवा त्याच्या डोक्यावर ठेवून तें सांवरलें. तो हात आम्हांस चांगला आठवतो. हिरव्या शिरा, तर्जनीवर विळीचा जुना वण, अंगठ्याच्या मुळाशीं पुसट झालेलें गोंदण. एक फोटो निघाला. दुसऱ्यासाठीं बाई मनगटें धरावयास सांगतात न सांगतात तोंच बाळ जागें झालें, आणि त्यानें जो सूर लावला तो आवरेपर्यंत खिडकींतला उजेड सरकून गेला. जोडावयाला दुसरा अर्धा भाग मिळालाच नाहीं. हा हात एका चित्रांतूनहि पुसतां येईल, प्रयत्न करून पाहूं काय, असें बाईंनीं बाळाच्या आईला विचारलें. ती म्हणाली, "राहूं द्या."

निघण्याच्या दिवशीं आम्ही गडावर जाऊन आलों. मेघदूतांतला रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय मिराशींनीं साधार प्रतिपादिलें आहे. त्या यक्षानें येथल्या शिळेवर धातुरंगानें रुसलेल्या पत्नीचें चित्र काढलें, आणि तिच्या पायांशीं आपलेंहि चित्र काढावयास गेला, तों डोळे भरून आले आणि त्याला पुढचें दिसेना. खालीं अंबाळ्याचें पाणी चमकत होतें. त्या उतारावर उभे असतां आम्हांस कालिदासापेक्षां पुठ्ठ्याची चंद्रकोर कापणारी ती नणंदच अधिक आठवत होती.

आतां फोटो आले आहेत. सुपांतला फोटो बाळाच्या आजोबांनीं माजघरांत लावला. हाताचा फोटो जावईबापूंनीं पुण्याला नेला आणि कचेरींतल्या टेबलावर ठेवला, असें आक्का कळवितात. संक्रांत जवळ आली आहे. बोरन्हाणासाठीं बाई पुन्हां येणार आहेत, आणि ह्या खेपेस त्यांना आदल्या दिवशींच बोलवावें, पणजीबाई परातीपुढें बसलेल्या असतांना, अशी सूचना खुद्द जावईबापूंची. पणजीबाईंचें उत्तर आक्कांनीं जसेंच्या तसें लिहून पाठविलें आहे: "येऊं दे हो पोरीला. पण माझी बोटें पाकाची असणार म्हणावें. कॅमेऱ्याला मुंग्या लागल्या तर मग मला बोलूं नका!"