टँकरच्या पाठीवरची पाटी

बेळगावात पाट्यांवरून जेवढे रक्त आटले तेवढे दुसऱ्या कशावरून आटले नसेल. दुकानाची पाटी, महापालिकेची पाटी, बसच्या कपाळावरची पाटी. या लढ्यात आम्ही आहोत आणि राहू. पण एक पाटी अशी आहे की तिच्यासाठी ना आमच्यापैकी कोणी मोर्चा काढला, ना पलीकडच्या संघटनांनी कधी तिला काळे फासले. ती पाटी टँकरच्या पाठीवर असते.

पुणे-बेंगळूर महामार्गावर दहा मिनिटे उभे राहा. गॅस, पेट्रोल, आम्ल घेऊन टँकर जाताना दिसतील. प्रत्येकावर एक चौकट, तिच्यात आकडे आणि रोमन अक्षरे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी, १००५ म्हणजे अमोनिया. अमोनियाच्या चौकटीत '२ आर ई' असा संकेत असतो. २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा वापरा. आर म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख घाला आणि सांडलेले पाण्याने विरळ करा. आणि शेवटचे ई म्हणजे आजूबाजूची वस्ती हलवण्याचा विचार करा. म्हणजे असा टँकर आपल्या एखाद्या वाडीजवळ उलटला, तर वाडीच्या जिवाशी संबंधित सर्वात मोठी सूचना एका रोमन अक्षरात लपलेली असणार! अग्निशमन दलाला ती कळते, हे मान्य. पण बंब पोहोचेपर्यंत जागेवर कोण असते? ड्रायव्हर, क्लीनर आणि मदतीला धावलेले गावकरी.

१९ जानेवारी २०१८ च्या पहाटे गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना अंधारात घरे सोडावी लागली. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. म्हणून नाकातोंडावर ओला फडका धरायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचे. एलपीजीचे तसे नाही. तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि गटारात साचतो, ठिणगीची वाट पाहतो. तिथे ओल्या फडक्याचा उपयोग नाही, तिथे गाडीची किल्लीसुद्धा फिरवायची नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूर-अजमेर महामार्गावर अशाच टँकरला ट्रकची धडक बसली, गॅस पसरला, पेटला आणि मागेपुढे थांबलेल्या गाड्यांतली माणसे होरपळून गेली. कोणत्या टँकरपाशी काय करायचे हे चार ओळींत सांगता येते. त्या चार ओळी कोणत्या भाषेत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कायदा याबाबत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आपत्कालीन सूचनांचे कार्ड हवेच. त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. पण नियम १३२ तेवढ्यावर थांबत नाही. ड्रायव्हरला मालाचे स्वरूप आणि त्यातला धोका पुरेसा समजला आहे, याची मालकाने खात्री करून घ्यावी, असे तो सांगतो. लक्षात घ्या, कार्ड दिले की सुटलो असे नाही. समजले पाहिजे. प्रत्यक्षात इंग्रजी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून लटकवले जाते, आरटीओने विचारले की दाखवले जाते, आणि देवाच्या फोटोइतकेच वाचले जाते.

यावर ठरलेले उत्तर असे, की नियम ९ प्रमाणे या ड्रायव्हरला इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, मग तक्रार कसली? अहो, त्याच नियमात आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषाही वाचता-लिहिता यावी असे आहे. त्यात मराठी आहे, कन्नड आहे, १९९२ पासून कोकणीही आहे. ज्या भाषेची पात्रता मागता, त्या भाषेत सूचना का देत नाही? आणि इंग्रजी अक्षरे जुळवता येणे वेगळे, नि धुरात डोळे चुरचुरत असताना रसायनशास्त्राची इंग्रजी समजणे वेगळे.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. शंभर रुपये भरायची स्लिपसुद्धा इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. (बेळगावात 'प्रादेशिक' म्हणजे काय यावर आमचे भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी.) शंभराच्या नोटेला तीन भाषा आणि पंधरा-सतरा टन गॅसला एकच, हा कुठला हिशेब? १९४८ च्या कारखाना कायद्यातही सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची सक्ती होती. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत विलीन झाला. पण चार भिंतींतल्या कामगाराला जे साधे तत्त्व लागू झाले, ते चाकांवरच्या कामगाराच्या वाट्याला कधी आले?

आता थोडे घरचे बोलू. सगळा दोष बेंगळूर आणि दिल्लीवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. या भागातले अनेक ट्रान्स्पोर्टवाले आपलेच आहेत. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ते दुकान बंद ठेवतात, वर्गणी देतात, सभेला पुढच्या रांगेत बसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या मराठी ड्रायव्हरला ते कार्ड मराठीत करून दिले? त्यासाठी कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही. एक कागद आणि एक संध्याकाळ पुरते. आणि ड्रायव्हर कानडी असेल तर कानडीत द्या, उत्तरेकडचा असेल तर हिंदीत द्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या नावावर बेळगावजवळ कंडक्टरला आणि चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरला मार खावा लागला, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. भाषेसाठी कामगाराला बडवायला दोन्हीकडे माणसे मिळतात. त्याच्या भाषेत धोका सांगायला मात्र कोणी नाही.

म्हणून समितीच्या वतीने प्रादेशिक परिवहन अधिकारी आणि कामगार खात्याला द्यायचे निवेदन तयार केले आहे. घातक मालाच्या कार्डाची प्रत ड्रायव्हरच्या भाषेत असावी आणि तपासणीच्या वेळी त्याला त्यातले दोन प्रश्न तोंडी विचारावेत, एवढीच मागणी आहे. पेट्रोल, एलपीजी आणि अमोनिया या तीन कार्डांचे मराठी आणि कानडी मसुदे आमच्यापैकी काही जण करत आहेत. ते रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतल्याशिवाय छापणार नाही. ज्या गाडीमालकांना ते हवे असतील त्यांनी आपल्या गाड्यांची संख्या आणि ड्रायव्हरांच्या भाषा लिहून समितीच्या कार्यालयात द्याव्यात.