दुसऱ्याच्या ओंजळीने

मराठी दिवाळी अंकात चित्राला कोठे जागा मिळते हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोणताही अंक उघडावा. हातात आहे तोही चालेल. मुखपृष्ठावर एक चित्र, कथेच्या डोक्यावर एक, आणि कवितेखाली चार बोटे जागा उरली तर तेथे एक हास्यचित्र. चित्र म्हणजे आमच्या साहित्याच्या ताटातले लोणचे. संपादकांनी हे वाक्य छापले तर तो त्यांच्या मनाचा मोठेपणा. गाळले तर माझे म्हणणे आपोआप सिद्ध झाले.

मी चित्रकार नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे आणि दोनतीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण कवठे महांकाळसारख्या गावी वर्गात उभे राहून पोरांच्या वह्यांची मागची पाने ज्याने वर्षानुवर्षे पाहिली, त्याला ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो. वहीच्या पुढच्या पानांवर पोर जे लिहिते ते आमचे असते. मागच्या पानांवर जे काढते ते त्याचे स्वतःचे असते. आणि तेथे एकटे चित्र क्वचितच सापडते. एक चौकट, तिच्याशेजारी दुसरी, तिच्यात पहिलीतलाच माणूस, पण आता त्याचा पाय उचललेला. म्हणजे गोष्ट सुरू झाली. आमच्या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मुलाकडून स्मरणचित्र मागतात, संकल्पचित्र मागतात, भूमिती आणि अक्षरलेखनही मागतात. चित्राशेजारी चित्र ठेवून गोष्ट सांग, असे मात्र म्हणत नाहीत. दहावीला वाढीव गुण मिळाले की ब्रश माळ्यावर जातो आणि पोरगा बेदाण्याच्या शेडवर.

माझ्या एका विद्यार्थ्याने चाळीस पानांची चित्रकथा केली. विषय घरचाच. त्याचे चुलते गलाईच्या धंद्यात परप्रांती गेलेले, सोने-चांदी गाळता गाळता तेथेच म्हातारे झालेले. गावी बांधलेल्या त्यांच्या माडीला बारा महिने कुलूप. मी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. चौदा महिन्यांनी बाड परत आले. सोबत चिठ्ठी, तीही सौजन्यपूर्ण: “पुस्तक मुलांसाठी असल्यास पऱ्या वा राक्षस घालावेत. मोठ्यांसाठी असल्यास चित्रे काढावीत.” आता ‘काढावीत’ ह्या मराठी क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आमच्या पोराने भाबडेपणाने पहिला घेतला आणि आणखी दहा पाने काढायला बसला! दुसरा अर्थ त्याला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या प्रकाशकांचे नाव सांगून उपयोग नाही, कारण दुसरे असते तरी हेच लिहिते.

चित्रातून गोष्ट सांगणे हे परदेशी खूळ आहे, असे काही विद्वान मानतात. त्यांनी एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन यावे. तेथली ठाकर मंडळी चित्रांच्या पोथ्या पुढे धरून, एकामागून एक चित्र दाखवीत, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारताच्या कथा सांगत आली. ह्या चित्रकथीच्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कौतुक झाले, फोटो निघाले. पण पिंगुळीची चित्रकथी आणि आपल्या पोराच्या वहीतली चौकट ह्या एकाच कुळातल्या आहेत, हे किती जणांच्या ध्यानात आले?

पिंगुळी दूर वाटत असेल तर घराजवळ या. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरीत. त्यांनी रामायणाची चित्रे काढली आणि १९१६ साली त्यांचे चित्ररामायण ग्रंथरूपाने निघाले. त्यांच्याच संस्थानातल्या एका माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगराच्या त्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. नांगर विकणाऱ्यांचे हे पत्रक पुढे अवघ्या महाराष्ट्राचे मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडे त्याच माळावर जन्मली. पुण्या-मुंबईची परवानगी कोणी मागितली नव्हती. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतकीच रेषाही चालवीत. कोल्हापूरचे वसंत सरवटे, आणि मुखपृष्ठावर एक अक्षर न लिहिता घरभर हशा पिकवणारे शि. द. फडणीस. दक्षिण महाराष्ट्राच्या मातीला रेषेचे वावडे आहे असे कोण म्हणेल?

आणि तरीही आमच्या मुलांनी वाचले काय? ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत आला तो मद्रासहून. वेताळाच्या गोष्टी इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून आल्या. नाव वेताळ, पण माणूस अमेरिकेत काढलेला आणि जंगल कोठलेच नाही. १९६७ मध्ये अनंत पै ह्यांची अमर चित्र कथा आली. तिने देवादिक आणि राजेरजवाडे घरोघरी पोचवले, ह्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ अवतरला, तो तर आपलाच, शहरातल्या मध्यमवर्गाचा का असेना. ह्यांतल्या कोणाशीही माझे भांडण नाही. भांडण आहे ते ह्या वाचनावर पोट भरले असे समजून स्वस्थ बसणाऱ्या आमच्याशी.

सर्वांत लागते ते एक उदाहरण सांगतो. १९०१ साली साताऱ्याहून काही लहान मुले आगगाडीने मसूरला उतरली. खटाव तालुक्यात गोरेगावला वडील रोखपाल होते, त्यांच्याकडे ती निघाली होती. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर मुलांजवळ फराळाचे होते, पण पाणी कोणी दिले नाही. त्या मुलांपैकी एक भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. २०११ मध्ये ‘भीमायन’ नावाच्या चित्रग्रंथात तो आला. प्रकाशक ‘नवयान’, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद ह्यांचे, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्यांची. ह्या दांपत्याने माणसांना चौकटीत कोंडायलाच नकार दिला आणि आपल्या गोंड रेषेने पाने बांधली. पुस्तक जगभर गेले. जायलाच हवे होते.

पण मसूर कोणाचे? गोरेगाव कोणाचे? तो रस्ता आमच्या पायाखालचा. तहानलेल्या पोराचे चित्र काढायला दुष्काळी मुलखातल्या माणसाइतका लायक कोण? एकशेदहा वर्षे आम्ही पुतळे उभारले, जयंत्या केल्या, आणि चित्र भोपाळकडून आले. व्याम पतिपत्नींचा हा सन्मान आहे आणि आमची नामुष्की आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

विषयांचा दुष्काळ आहे म्हणावे तर तेवढ्या एकाच बाबतीत आमचा तालुका सुकाळी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. वर्तमानपत्रांनी छापले, ते गाडी सुटल्याचे आणि पोचल्याचे. मधली स्टेशने कोणी पाहिली? पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा हा मार्ग म्हणजे पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेली, बैलगाडीशी शर्यत लावून हरणारी. त्या वाटेवरच आमचे स्टेशन. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातून पाण्याने भरलेली गाडी न थांबता पुढे जाते आणि फलाटावर एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी आहे. ह्याला शब्द कशाला हवेत? सहा चौकटी पुरे. मी ह्यावर कादंबरी लिहायला घेतली तर चारशे पाने होतील आणि म्हातारी दोनशेव्या पानावर येईल.

तर आता मुद्द्याचे. प्रकाशकाची वाट पाहणे बंद करावे आणि आपणच दहाबारा जणांनी मिळून, आपल्या पैशाने, वर्षातून एक चित्रकथासंग्रह काढावा. हे म्हटले की पहिला आक्षेप येतो: स्वखर्चाने छापणे म्हणजे हौस. हा आक्षेप ज्यांच्या तोंडून मी ऐकला त्यांपैकी निम्म्यांनी स्वतःचे कवितासंग्रह प्रकाशकाला पैसे मोजून छापून घेतले आहेत, आणि वर प्रकाशनाला पाहुणे बोलावून नारळ-शाल दिली आहे. पैसे आपले आणि नाव दुसऱ्याचे असले की ते साहित्य. पैसेही आपले आणि नावही आपले असले की ती हौस!

मराठीत जे नवे आले ते कोठून आले हे जरा आठवावे. मुंबईत १९५०नंतरच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ह्यांनी ‘शब्द’ काढले ते सायक्लोस्टाइल करून. १९६३ मध्ये अशोक शहाणे ह्यांचे ‘असो’ निघाले. त्या वेळच्या औरंगाबादेतून ‘वाचा’ निघाले. पाने थोडी, कागद हलका, ग्राहक बोटांवर मोजण्याजोगे. पुढे १९७६ मध्ये कोलटकरांसह चार इंग्रजी कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची आपली सहकारी प्रकाशनसंस्था काढली, आणि ‘जेजुरी’ तिच्याकडूनच पुस्तक होऊन आली. दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुलाचे काव्यपारितोषिक मिळाले. कोलटकरांची ‘भिजकी वही’ शहाण्यांच्या छोट्याशा ‘प्रास’ने काढली, तिला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोल्हापूरचा हा कवी पोटासाठी जाहिरातींची चित्रे करीत असे, हेही आमच्या पोरांना सांगण्यासारखे आहे.

चित्रकथेपुरते पाहायचे तर न्यूयॉर्कमध्ये आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली ह्या नवराबायकोने १९८० मध्ये ‘रॉ’ नावाचा संग्रह स्वतः काढायला सुरुवात केली. छपाईयंत्र राहत्या घरात होते. त्यातच ‘माउस’ क्रमशः आले, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बापाची मुलाने काढलेली कथा, ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरे. १९९२ मध्ये तिला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. आणि तोक्योत १९७५ च्या डिसेंबरात तीसबत्तीस मंडळांनी आपापली छापलेली चित्रपुस्तके मांडून बाजार भरवला, सातशेच्या आसपास माणसे आली. आज त्याच बाजाराला लाखांनी गर्दी होते. आमच्या खरसुंडीच्या खिलार जनावरांच्या यात्रेसारखाच प्रकार. ज्याने पोसले त्यानेच दावे धरून विकायला उभे राहायचे.

दुसरा आक्षेप तरुणांचा: “सर, फोनवर टाकू की! फुकट आहे.” टाका, मी कशाला अडवू? पण फोनवरचे चित्र अंगठ्याने ढकलले की गेले. ते दुकान तुमचे नाही, त्याची किल्ली तुमच्याकडे नाही, आणि उद्या मालकाने फळी ओढली तर तुमचे चित्र आतच. छापील पुस्तक घरात पडून राहते. आजीच्या हाती लागते. तिला अक्षर लागत नसले तरी माडीचे कुलूप लागते.

तिसरा आक्षेप असा की पहिला संग्रह वाईट निघेल. निघेलच. चिल्ल्यापिल्ल्यांच्या हातातली रेषा डळमळेल, फुग्यातले संवाद नाटकी होतील, एक जण वेताळाचीच नक्कल करील. म्हणून संपादक हवा, आणि तो कठोर हवा. वर्गणी भरली म्हणून पान मिळाले, असे होता कामा नये. ज्याची कथा परत जाईल त्याने पुढच्या वर्षी आणावी आणि ह्या वर्षी पिना माराव्यात. मूळ चित्रे आणि हक्क मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले पाहिजेत. ह्या एका बाबतीत मी कोणाची गय करणार नाही, माझीसुद्धा. लिहिणारा आणि काढणारा वेगळे असतील तर दोघांची नावे सारख्याच टायपात.

हिशेब असा. बारा जण, दरमहा दोनशे रुपये, सहा महिने: १४,४०० रुपये. सोळा पानांचे चार फर्मे म्हणजे चौसष्ट पाने, एकाच काळ्या शाईत, मध्ये पिना, प्रती तीनशे. आमच्या छापखानेवाल्याने सांगितलेला आकडा ह्यात बसतो. त्याने थोडे सोडलेही, कारण त्याचा मुलगा काढतो. बारा जणांनी दहादहा प्रती घ्यायच्या, राहिल्या १८०. ऐंशी रुपयांना एक विकली तर घातलेले सगळे परत येतात आणि दुसऱ्या संग्रहाचा कागद घेता येतो. विकायच्या कोठे? पुस्तकांच्या दुकानात नव्हे. एस.टी. स्टँडवर, शाळांच्या स्नेहसंमेलनात, आणि संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात, नदीकाठी सतरंजी टाकून. तेथे श्रोते १९३९ पासून येताहेत. भाषणाच्या मधल्या वेळात त्यांना पाहायलाही काही हवे असते.

आजवर सात नावे आली आहेत. त्यांत दोन मुली, एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि तो गलाईवाल्याचा पुतण्या. पाच कमी आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी ए-फोर कागदावर, काळ्या शाईत काढावे, चारही बाजूंनी बोटभर समास सोडावा. पेन्सिलीची रेषा छपाईत उठत नाही.