दाबलेल्या विटेची कैफियत

खानेसुमारीच्या तक्त्यात माती आणि न भाजलेली वीट यांना एकाच रकान्यात घालून तो रकाना कच्च्या घरांच्या खाती जमा करण्याची वहिवाट असल्यामुळे, चाळलेल्या मुरुमात मापाने सिमेंट मिसळून, लोखंडी साच्यात हाताच्या तरफेने दाबून, तीन आठवडे गोणपाटाखाली ओली राखलेली वीट आणि बांधावरचा चिखलाचा गोळा यांत सरकारदफ्तरी काही भेद उरत नाही; आणि अकोले तालुक्यातील घरकुलाचा लाभार्थीही हा निवाडा शिरोधार्य मानून भट्टीच्या विटेच्या ट्रकची वाट पाहत बसतो. या निवाड्याच्या पुष्ट्यर्थ दोन आक्षेप घेतले जातात: मातीची भिंत पावसात विरघळते, आणि भूकंपात माणसे मारते.

पहिला आक्षेप या तालुक्यात हसण्यावारी नेता येत नाही. घाटघरकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि अकोले गावात त्याच्या जेमतेम दशांशाइतका. पण भिंत पडते ती कशाने हे कोणी वाकून पाहत नाही. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून उडते ते जोत्यावर हातभर उंचीपर्यंत लागते. तेथला गिलावा आधी फुगतो, मग त्याचा पापुद्रा सुटतो आणि उघडी पडलेली माती दर पावसाळ्यात बोटभर आत जाते. दोष जोते ठेंगणे ठेवणाऱ्याचा आणि वळचण आखूड काढणाऱ्याचा. शिक्षा मात्र मातीला. दीड-दोन फुटांचे काळ्या दगडाचे जोते आणि दोन हात पुढे आलेले पाखे एवढ्याने हा खटला बव्हंशी निकालात निघतो. शिवाय भारतीय मानक १७२५ मातीच्या विटेची ताकद मोजते ती तिला पाण्यात भिजवून काढल्यावर. १९८२च्या आवृत्तीत अशा ओल्या विटेने दर चौरस सेंटिमीटरला किमान २० किलो भार सोसावा अशी अट होती, आणि एकमजली घराच्या भिंतीवर येणारा भार त्याच्या दशांशाच्या आगेमागे असतो. घाटमाथ्याच्या ऐन कडेला, जेथे पश्चिमेचा पाऊस आडवा मारतो, तेथे मात्र कारवीचा कूडच शहाणपणाचा. तेथेही दाबलेल्या विटेचा आग्रह धरणारे हौशी मातीभक्त आमच्या पक्षाचे नव्हेत.

दुसऱ्या आक्षेपाला किल्लारीचे नाव चिकटले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात तेथे जी घरे कोसळली त्यांच्या भिंती ओबडधोबड दगडगोट्यांच्या, दुहेरी रचलेल्या, पोटात भर घातलेल्या आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसलेल्या होत्या. वर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे. दगड सांधणारा मातीचा गारा दुबळा होता हे मान्य; परंतु साच्यातून निघालेल्या काटकोनी, एकसारख्या विटेची बेताच्या जाडीची भिंत, तिला दारे-खिडक्यांच्या माथ्यावर चहूबाजूंनी सलग पट्टा आणि डोक्यावर हलके छप्पर, या रचनेला किल्लारीचा दाखला लावणे म्हणजे एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यावर समन्स बजावणे होय.

आता मंडन. आपल्या गावगाड्याने काळी पिकाला आणि पांढरी वस्तीला अशी वाटणी केली ती अकारण नव्हे: काळ्या मातीतील चिकण पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते, आणि थोड्याथोडक्या सिमेंटला दाद देत नाही. दाबलेल्या विटेला वाळूचे प्राबल्य असलेली, बेताची चिकण असलेली तांबूस मुरमाड माती हवी. ती या तालुक्याच्या डोंगरउतारांवर पायाच्या खोदाईतच हाती लागते. ओलसर मातीचा मुठीत घट्ट दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकावा. चार-पाच तुकडे झाले तर ओल नेमकी, भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन राहिला तर जास्त. चौदा-पंधरा घमेल्यांना एक घमेले सिमेंट पुरते. १९५०च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामीरेझ यांनी घडविलेले सिन्व्हा-राम हे यंत्र आणि त्याच्या धर्तीवर पुढे निघालेली यंत्रे यांवर पाच-सहा माणसे दिवसाकाठी तीनशे-चारशे विटा पाडतात. काम संथ आहे, हे कबूल. भट्टीचा मालक याहून कितीतरी वेगाने माल पुरवील. परंतु त्या वेगाच्या पोटात कोळसा आहे, शेताची वरची सुपीक माती आहे, आणि पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी उन्हाळाभर भट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबेही आहेत. दाबलेल्या विटेचा मोठा खर्च मजुरीचा, आणि ती मजुरी गावातच राहते.

घरकुल किमान ३० वर्षे टिकावे, अशी सरकारी मार्गदर्शिकेचीच अपेक्षा आहे. मग वीट भाजली की नाही, हा प्रश्न तपासनिसाने विचारावाच कशाला? प्रत्येक गावच्या मातीच्या दहा विटा भिजवून दाबयंत्राखाली फोडून पाहाव्यात आणि आलेला आकडा दरखास्तीला जोडावा. जोत्याची उंची व वळचणीची रुंदी फीत लावून मोजावी. आणि या कसोट्यांना उतरलेल्या घराचा हप्ता अडवू नये. विटा फोडण्याचे यंत्र स्थापत्य शिकविणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात असते, आणि अकोल्याहून संगमनेर काही दूर नाही.