दोन जानेवारीचे कोरेगाव

गावाचे नाव कोरेगाव भीमा. तालुका शिरूर. बाहेरचे जग मात्र ते उलटवून ‘भीमा कोरेगाव’ म्हणते आणि २०१८ पासून त्याला ‘दंगल’ किंवा ‘प्रकरण’ असे शेपूट जोडते. मुलाखतीला गेलेल्या पोराने गाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबतो. दिवाळी अंकाचे पहिले पान त्या थांबण्याला द्यावे, असे संपादकांना वाटले.

गाव असे हरवण्याची ही पहिली वेळ नव्हे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून निघाला आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावाशी पोचला, तर पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची अफाट फौज. कंपनीकडे आठशेच्या आसपास माणसे, त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि इतर पायदळ. गावाच्या गल्लीबोळांत दिवसभर झुंज चालली. नदी समोर वाहत होती, पण तिच्याकडे जायची वाट बंद. शिपायांचे घसे कोरडे पडले. कंपनीचे पावणेतीनशे जण मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. या लढाईच्या वर्णनांत तोफा नेमक्या मोजलेल्या आहेत : दोन, सहा पौंडी. ज्यांच्या भिंतींआडून गोळ्या सुटल्या त्या घरांच्या धन्यांना तिथे जागा नाही. गाव येते ते आडोसा म्हणून.

नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात, जयस्तंभ उभा आहे. त्याची पायाभरणी १८२१ ची. पडलेल्यांच्या नावांत ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे वाचत माणसे बोट फिरवतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि कंपनी सरकारने उभारलेल्या या दगडाचा अर्थच पालटला. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांना आपल्या माणसांची नावे कोरलेली सापडणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून दर वर्षी लाखो लोक येतात, आणि त्यांनी यावेच.

१ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, दगड आले, आग आली. कोरेगाव, सणसवाडीत गाड्या आणि दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला गेला. गावाचे नाव चिकटलेल्या दुसऱ्या एका खटल्यात नागपूर, हैदराबाद, दिल्लीची माणसे तुरुंगात गेली. बातम्यांत कोरेगाव रोज होते, कोरेगावकर क्वचितच.

जळालेल्या टपरीची राख अर्ध्या दिवसात उचलता येते. पत्रा नवा मिळतो, स्टोव्ह नवा मिळतो. वेळ लागतो तो बाकड्याला. कालपर्यंत ज्या बाकड्यावर वेगवेगळ्या आळीची माणसे कटिंग घेत खेटून बसायची, तिथे दोघांत हातभर जागा सुटते, आणि ती भरायला सरकारी भरपाई कामाची नाही.

आता दर १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवतात. नगरकडून येणारी वाहने शिरूरहून न्हावरा, पारगाव करत चौफुल्याला सोलापूर रस्त्याला लागतात आणि दौंड तालुक्यातल्या यवतवरून पुढे जातात. त्याच यवतमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये एका पोस्टवरून गाड्या पेटल्या, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. वळसा घालून जायचे त्या वाटेवरच्या गावातही तेच बाकडे रिकामे पडावे, याचे मनापासून वाईट वाटते.

शिरूरमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीत, कर्नल वॉलेसचे थडगे आहे. १८०३ च्या युद्धात मराठ्यांविरुद्ध लढलेला हा साहेब १८०९ मध्ये इथेच वारला. पुढे भोवतालच्या लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ म्हटले आणि सुगीला त्याच्यापुढे धान्याचा नैवेद्य ठेवला, अशी नोंद १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये आहे. स्तंभ बघायला येणाऱ्याने अर्धा दिवस काढून तिथेही जावे. परक्या शत्रूच्या थडग्यापुढे नव्या दाण्यांची ओंजळ रिती करणाऱ्यांचाच हा तालुका आहे.

अंक हाती पडेल तेव्हा १ जानेवारीला जेमतेम दोन-अडीच महिने उरलेले असतील. बंदोबस्त, टँकर, पार्किंग यांच्या बैठका सुरू होतील. ज्यांना गर्दीत जायचे त्यांनी त्या दिवशी जावेच, पण जमल्यास एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशीचे कोरेगावही पाहावे. मंडपाचे बांबू उतरतात, बॅरिकेड ट्रकवर चढतात, रस्ता खुला होतो. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या माणसांना घ्यायला फाट्यावर थांबतात. टपरीवाला फळी पुसतो आणि चहाला आधण ठेवतो.