द्रोह कोणाचा?

‘फादर नसत्या भानगडीत पडले!’ स्टॅन स्वामींविषयी हे उद्गार आपल्याच ओटीवर ऐकू येतात, तेव्हा मन विषण्ण होते.

ती भानगड तरी कोणती? झारखंडमध्ये शासन आणि माओवादी यांच्या यादवीत आदिवासी दोन्हीकडून भरडला जात होता. माओवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी तरुणांसाठी या येशूसंघीय धर्मगुरूंनी न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे 8 ऑक्टोबर 2020 रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांनाच माओवाद्यांचे साथीदार ठरवून अटक झाली. कंपवातामुळे हाती पेला ठरत नव्हता. तळोजा कारागृहात पाणी पिण्याच्या साध्या नळीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, 84 वर्षांचे असताना, बंदिवान म्हणूनच मुंबईच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. खटला उभाच राहिला नव्हता.

हिंसेचे समर्थन आपण करू शकत नाही. परंतु शासनाला जाब विचारणारा प्रत्येक जण शत्रूचा हस्तक, हा कोणता न्याय? कैसराचा कर कैसराला जरूर द्यावा. सदसद्विवेक मात्र त्याच्याकडे गहाण ठेवता येत नाही. शासनावरील निष्ठा आणि देशावरील निष्ठा एक नव्हेत.

बंधुभगिनींनो, हरित वसईसाठी फादर दिब्रिटोंसोबत आपण रस्त्यावर उतरलो, तेव्हा आपणही शासनाला जाबच विचारत होतो. तो देशद्रोह होता काय? नसेल, तर आदिवासींच्या जमिनीसाठी तोच प्रश्न विचारणाऱ्याला आपण परका का मानतो? द्रोह घडला असेलच, तर तो आपल्या मौनाने घडला आहे.