रुग्णाआधी पाणी तपासा



रुग्ण नसताना नद्या-तळी तपासणे म्हणजे पैशाची उधळपट्टी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मुळीच पटले नाही. कॉलऱ्याच्या जंतूचे माणसावाचून काही अडत नाही. पाण्यातल्या कोपेपॉड या इवल्याशा कवचधारी जिवांना तो चिकटून राहतो; सुप्तावस्थेत गेला की प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतही नाही. म्हणून नुसत्या कल्चरवर, म्हणजे जंतू बशीत वाढवून पाहण्यावर, विसंबू नये, डीएनए चाचणीही हवी.

बांगलादेशातील मतलबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी जंतू कोपेपॉडला चिकटतो हेच ज्ञान कामी आणले. बायकांनी जुन्या सुती साडीच्या चार घड्या घालून ती घागरीच्या तोंडावर धरली आणि पाणी गाळून घेतले; कोपेपॉडबरोबर त्यांना चिकटलेले जंतूही कापडात अडकले. कॉलरा ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तळ्यातले जीव आधी कुणी पाहिलेच नसते, तर ही युक्ती सुचली असती का?

– एक वाचक